सिकेटर हातात घेण्याआधी : कादंबरीचं संपादन, टप्प्याटप्प्यानं

आमची नर्सरी कोल्हापुरात गगनबावडा रस्त्याला, फुलेवाडीच्या पुढं होती. वडिलांच्या हाताखाली मी तिथं बारा वर्षं काम केलं. माती चाळली, पिशव्या भरल्या, गुलाबावर डोळे, म्हणजे कलमाचे अंकुर, भरले, आंब्याची कलमं बांधली. गेली नऊ वर्षं मी घरून कादंबऱ्या संपादित करते. काही प्रकाशकांकडून येतात, काही आता लेखक थेट पाठवतात. हे काम शिकू पाहणारी मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात, आणि प्रत्येकाला मी तेच तासभर सांगत बसते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘जरा शुद्धलेखन बघून द्या’ असं म्हणून जे काम हातात दिलं जातं, ते मुद्रितशोधन. संपादन त्याच्या फार आधी सुरू होतं. पहिल्यांदा कादंबरीची बांधणी बघायची, मग परिच्छेद आणि वाक्यं, मग बोली आणि तपशील, आणि सगळ्यांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. हा क्रम उलटा केला की श्रम वाया जातात. ज्या प्रकरणातल्या वेलांट्या तुम्ही दोन दिवस बसून सुधारल्या, ते प्रकरणच पुढं उडवायचं ठरतं. वडील म्हणायचे, पानं पुसू नको, आधी बुंध्यात बोट घालून ओल बघ. या कामाचा सगळा क्रम मला त्या एका वाक्यातून मिळाला.

पहिली पायरी : काम घेण्याआधी मधली दहा पानं मागा

लेखक नमुना म्हणून पहिलं प्रकरण पाठवतात. ते घ्या, पण शिवाय मधली कुठलीही सलग दहा पानं मागा. पहिलं प्रकरण वीस वेळा घासलेलं असतं, चार मित्रांनी वाचलेलं असतं. लेखकाचा खरा हात मधल्या पानांत दिसतो. नर्सरीत गिऱ्हाईक फुलं बघून रोप उचलतं. आम्ही पिशवीचा तळ बघायचो. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतील, तर ते रोप वरून कितीही टवटवीत दिसलं तरी जमिनीत गेल्यावर वर्षभर जागचं हलत नाही.

त्या दहा पानांतली दोन पानं संपादित करून दाखवा. त्यातून लेखकाला तुमचा हात कळतो आणि तुम्हाला तुमचा वेग कळतो. मग दर ठरवा, आणि तो शब्दांवर ठरवा. पानांवर ठरवलात तर कुणाचं पान बारा पॉइंटचं असतं, कुणाचं सोळाचं. साठ हजार शब्दांची कादंबरी डेमी आकारात साधारण सव्वादोनशे पानं भरते. माझा स्वतःचा वेग ओळीओळीच्या संपादनात तासाला पाच पानं, आणि दिवसाला चार तासांपलीकडं माझी नजर साथ देत नाही. म्हणजे नुसत्या त्या टप्प्याला अकरा-बारा दिवस. त्याआधीचं वाचन, पत्र, लेखकाचं पुनर्लेखन आणि नंतरची दुसरी फेरी धरली तर मी पाच महिन्यांच्या आत पुस्तक कबूल करत नाही.

दर, हप्ते, किती फेऱ्या आणि तारखा हे सगळं मेलवर लिहून घ्या. मी मानधनाचा तिसरा हिस्सा आधी घेते, तिसरा हिस्सा पत्र दिल्यावर आणि उरलेलं शेवटी. ओळखीतलं काम असलं तरी हेच. ओळखीतलं असलं तर जास्तच काटेकोरपणे.

दुसरी पायरी : पहिलं वाचन मोकळ्या हातानं

पहिल्या वाचनाला हातात लाल पेन नको. संगणकावरही नको, कारण बोटं आपोआप दुरुस्त्या करू लागतात. मी प्रिंट काढते आणि शिसपेन्सिल ठेवते. वाचताना लक्ष उडालं की समासात एक टिंब. परत मागं जाऊन वाचावं लागलं की दोन टिंबं. यापलीकडं काहीच लिहीत नाही. तीन दिवसांत वाचून संपवते, कारण त्याहून लांबवलं की पहिल्या प्रकरणातली माणसं शेवटी धूसर होतात.

वाचून झाल्यावर त्याच संध्याकाळी एक वाक्य लिहा : ही कादंबरी कशाची आहे? कथानक नको. गोष्ट कशाभोवती फिरते तेवढंच. हे वाक्य लिहिता आलं नाही, तर पुन्हा वाचा. त्याशिवाय पुढं जाऊ नका.

यामागं माझी एक चूक आहे. दुसऱ्याच वर्षी माझ्याकडं एका निवृत्त शिक्षकांची कादंबरी आली. चंदगड भागातलं एक गाव, एक घर आणि चाळीस वर्षं. गती संथ. मी ती घट्ट केली, प्रकरणं जोडली, वर्णनं निम्म्यावर आणली, शेवट आधी आणला. सरांनी सगळं मान्य केलं. पुस्तक छापून आल्यावर त्यांचं पोस्टकार्ड आलं : ‘पुस्तक नेटकं झालं आहे. पण ते मला माझं वाटत नाही.’ ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. जाई हा वेल आहे. त्याला मांडव लागतो, आणि तो मांडवावर पसरायला वेळ घेतो. मी त्याचं झुडूप करायला गेले होते. मोगऱ्याला जी छाटणी लागते ती मी जाईला दिली. तेव्हापासून ते एक वाक्य लिहिल्याशिवाय मी कुठल्याही संहितेला हात लावत नाही, आणि ते लेखकालाही पाठवते : ‘तुम्ही हेच लिहिलं आहे ना?’ उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ती त्या कामातली सगळ्यांत मोलाची गोष्ट असते.

तिसरी पायरी : प्रकरणांची वही

आता दुसरं वाचन, वही घेऊन. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आणि सहा रकाने : कोण, कुठं, कधी, काय बदललं, वाचकाला नवीन काय कळलं, प्रकरण संपताना काय अडकलेलं आहे. कंटाळवाणं काम आहे, पण दुखणं इथंच सापडतं. ‘काय बदललं’ हा रकाना सलग तीन प्रकरणं रिकामा राहिला, तर पहिल्या वाचनातली टिंबं बहुतेक तिथंच पडलेली असतात.

वही भरून झाली की मी तिच्यात तीन गोष्टी शोधते. तिन्ही बागेतल्या आहेत.

पहिली, खुंटाची फूट. आपला कलमी गुलाब म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर भरलेला डोळा. कधी कधी सांध्याच्या खालून, त्या खुंटातूनच फूट येते. ती कलमापेक्षा जोमदार, सरळ आणि हिरवीगार असते. नवशिका माळी खूश होतो, की झाड काय झपाट्यानं वाढतंय. दोन वर्षांत मूळचा गुलाब वाळतो आणि कुंपणाला लावावा तसा जंगली गुलाब उरतो. ती ओळखायला लोक पानं मोजतात. त्यात फसगत होते. फूट कुठून निघाली आहे, सांध्याच्या वरून की खालून, एवढंच बघायचं. कादंबरीतही असं उपकथानक असतं. चांगलं लिहिलेलं, रसाळ, आणि म्हणूनच धोक्याचं. मामाच्या तालमीचे दिवस, आजोबांचा गुऱ्हाळाचा धंदा. चांगलं आहे का हे विचारू नका, चांगलंच असतं. तुम्ही लिहिलेल्या त्या एका वाक्यातून ते निघतं का, हे विचारा. निघत नसेल तर ते काढायचं. आणि खुंटाची फूट जमिनीलगत कापली तर त्या जागी दोन येतात. माती उकरून, जिथून निघाली तिथून ती ओरबाडून काढावी लागते. तसंच ते उपकथानक निघालं की त्या मामाचा उल्लेख असलेली प्रत्येक ओळ शोधा. नाहीतर एकशे ऐंशीव्या पानावर मामा लग्नात जेवायला बसलेला सापडतो. काढलेलं टाकून देऊ नका. लेखकाला वेगळी फाइल करून द्या. त्या फुटीची स्वतंत्र कथा होऊ शकते, माझ्यासमोर दोनदा झाली आहे.

दुसरी गोष्ट, ताण. डाळिंब-लिंबाचा बहार धरतात तेव्हा आधी पाणी तोडतात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, काळ्या जमिनीत जास्त. झाड पानं गाळतं, बघवत नाही. मग खत-पाणी दिलं की सगळं झाड एकदम फुलावर येतं. ताण न देता पाणी देत राहिलं, तर वर्षभर चार-चार फुलं येतात आणि बहार असा धरतच नाही. नव्या लेखकांचं आपल्या माणसांवर इतकं प्रेम असतं, की ते त्यांना तहानलेलं ठेवू शकत नाहीत. मुलीची फी भरायची आहे, त्याच प्रकरणात काका पैसे देतात. नवरा-बायकोत अबोला झाला, तो पान उलटायच्या आत मिटतो. यासाठी वहीतला सहावा रकाना. ‘काही नाही’ असं वारंवार आलं, तर लेखकाला विचारा की हे पाणी दोन प्रकरणं उशिरा दिलं तर काय होईल. उत्तर त्यांचं त्यांना सापडतं, तुम्ही सुचवू नका.

तिसरी, युरिया. नत्र जास्त झालं की पानं काळीशार होतात आणि फूल येत नाही. विशेषणं, उपमा, मनातले विचार. हे ओळींच्या संपादनात निस्तरतं, पण वहीत खूण करून ठेवा, कारण बहुतेकदा जिथं घटना नाही तिथंच लेखक युरिया टाकत असतो.

चौथी पायरी : लेखकाला पत्र

आता पत्र लिहायचं. पाच ते आठ पानं. मराठीत या गोष्टीची परंपरा आहे. ‘सत्यकथा’ मासिक १९८२मध्ये बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी कथेच्या एकेका जागेबद्दल किती बारकाईनं बोलत, हे त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवलेलं आहे. मासिकाच्या गिरगावातल्या खटाववाडीच्या कचेरीतल्या त्या चर्चांतून माणसं लिहायला शिकली. आज बहुतेक प्रकाशनांत पूर्णवेळ संपादक नाही, म्हणून ते काम आपल्यासारख्या बाहेरच्या माणसांकडं आलं आहे. ते त्याच आस्थेनं करायला हवं.

पत्राची सुरुवात संहितेतल्या जिवंत जागांपासून करा, आणि पान क्रमांक देऊन करा. ‘छान आहे’ याला काही अर्थ नाही. ‘पान ८४वर सासूबाई दाराआड उभ्या राहून चहाचा कप थंड होऊ देतात, तिथं मी थांबले’ याला आहे. हे गोडवा म्हणून लिहायचं नसतं. पुनर्लेखनात कुठल्या जागांना धक्का लागू द्यायचा नाही, ते लेखकाला त्यातून कळतं. मग अडचणी सांगा, जास्तीत जास्त पाच, मोठी आधी. चाळीस अडचणी एकदम लिहिल्या तर माणूस खचतो. प्रत्येक अडचण ‘वाचताना मला काय झालं’ अशी लिहा : ‘बाराव्या प्रकरणानंतर वसंता कुणावर रागावला आहे हे मला कळेनासं झालं.’ त्यावर लेखक वाद घालू शकत नाही, कारण तुम्ही त्याच्या कादंबरीवर निकाल दिलेला नाही, वाचकाचा अनुभव सांगितला आहे.

पत्र पाठवल्यावर चार दिवस फोन करू नका. पहिल्या दिवशी राग असतो, दुसऱ्या दिवशी वाईट वाटतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाचून होतं. पाचव्या दिवशी मी फोन करते आणि बहुतेक वेळ ऐकते. एवढा काळ मी झाडांची भाषा बोलते आहे, पण इथं ती सोडावी लागते. झाड तुम्हाला कधी विचारत नाही की हीच फांदी का. लेखक विचारतो, आणि त्याला तो हक्क आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क दुसऱ्याला विकलेले असले तरी आपल्या लेखनाची प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाचाच. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आपण खुणा करायच्या, छाटणी लेखकानं करायची.

मग संहिता लेखकाकडं जाते. महिना लागो, तीन लागोत. मध्ये टोचणी लावू नका.

पाचवी पायरी : ओळीओळीचं संपादन

पुनर्लेखन होऊन आलं की आता सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस सुरू ठेवा, म्हणजे प्रत्येक बदल दिसतो आणि लेखक तो नाकारू शकतो. पहिली वीस पानंच करून पाठवा. अशक्त झाडाची एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटणी करू नये म्हणतात. त्या वीस पानांवर लेखक काय स्वीकारतो आणि कुठं अडतो, हे बघून हात हलका किंवा जड करा.

गुलाबाची छाटणी आपल्याकडं पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात होते. छाट बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर आणि तिरका द्यायचा. फार वर दिला तर मधली खुंटी वाळते आणि रोग खाली उतरतो. अगदी चिकटून दिला तर डोळाच मरतो. पण मुख्य म्हणजे, ज्या डोळ्यावर कापाल त्या दिशेला नवी फांदी जाते. परिच्छेद कुठं तोडता, त्यावर वाचकाचं मन कुठं जाईल ते ठरतं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य आधी बघा. नव्या लेखनात ते बहुधा आधीच्या वाक्याचं स्पष्टीकरण असतं.

एक उदाहरण देते. एका लेखिकेच्या संहितेतल्या जागेच्या धर्तीवर ते मी बेतलं आहे, तिचा मजकूर जसाच्या तसा देत नाही.

आलेला मजकूर असा : ‘ती पंचगंगेच्या घाटावर उभी होती. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. नदीचं पाणी संथपणे वाहत होतं. आईच्या आठवणीनं तिचे डोळे पाणावले, जणू नदीच तिच्या डोळ्यांत उतरली होती. थरथरत्या हातांनी तिनं पिशवीतून आईचं लुगडं काढलं. आईची ती शेवटची वस्तू होती आणि म्हणूनच ती पाण्यात सोडणं तिला जड जात होतं.’

माझ्या खुणा : काहूर काढलं. ‘नदीचं पाणी संथपणे वाहत’चं ‘पाणी संथ’ केलं. डोळे आणि जणू, दोन्ही काढले. ‘थरथरत्या हातांनी’ काढलं. ‘आईची ती शेवटची’पासून पुढं काढलं. उरलं ते असं : ‘ती पंचगंगेच्या घाटावर उभी होती. पाणी संथ होतं. तिनं पिशवीतून आईचं लुगडं काढलं.’

हे स्वच्छ आहे, पण उघडंबोडकं आहे. इथं बरेच संपादक एखादा सुंदर तपशील स्वतः घालतात. मी घालत नाही. मी समासात प्रश्न लिहिला : ‘लुगडं हातात घेतल्यावर तिला काय लागलं?’ दोन दिवसांनी लेखिकेकडून हे आलं : ‘पदराच्या टोकाला गाठ होती. तिनं ती नखानं सोडवली. आत दोन रुपयांचं नाणं होतं. ते मुठीत घेऊन ती पायऱ्या चढून वर आली. लुगडं तसंच काखेत.’

लुगडं पाण्यात गेलंच नाही. माझ्या डोक्यात तो शेवट आला नसता, कारण ती बाई माझी नव्हती.

सहावी पायरी : माणसांच्या तोंडची भाषा

या पायरीवर कोल्हापूरच्या संपादकावर मोठी जबाबदारी आहे. आमच्याकडं बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मी लिहिताना ‘आले’ लिहिते आणि घरात शिरताना ‘आई, मी आलो गं’ असंच तोंडातून येतं. बाहेरून तपासून आलेल्या संहितांत हे सगळं ‘आले’, ‘जाते’ केलेलं मी पाहिलं आहे. चूक समजून केलेलं. त्या एका फेरफारानं ती बाई कोल्हापूरची राहत नाही. तसंच ‘काय करायलायस?’, ‘जेवायलोय’. याचं ‘करतोयस’, ‘जेवतोय’ करू नका.

पण उलटी चूकही तितकीच होते. गावाकडचं पात्र आलं की प्रत्येक वाक्यात ‘लई’, ‘नव्हं’, ‘हाय’ ठासून भरायचं. आणि जिल्हाभर एकच बोली नाही. शिरोळकडं कानडीचा शेजार आहे, चंदगडची बोली तर वेगळीच आहे. लेखकाला विचारा, हे घर नेमकं कुठल्या गावातलं? शिकलेली मुलगी आईशी कसं बोलते आणि ऑफिसात कसं? प्रत्येक मुख्य पात्राची दहा वाक्यं एका कागदावर काढा आणि नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखू यायला हवं. आणि संवाद मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तिथं खूण करा.

सातवी पायरी : तपशिलांची तपासणी

इथं माझी माती थेट उपयोगी पडते. मे महिन्यात अंगणभर प्राजक्ताचा सडा पडलेला मी तीन कादंबऱ्यांत वाचला. प्राजक्त पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलतो. बहावा एप्रिल-मेमध्ये, पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये. काही संहितांत जुलैच्या पावसात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं निघालेल्या असतात. तेव्हा कारखाने बंद असतात, गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. महापूर असेल तर साल विचारा. २०१९चा पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला, २०२१चा जुलैच्या अखेरचा, आणि त्यावर पात्रांची शाळा, सण, शेतीची कामं अवलंबून असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पुराची कादंबरी असेल तर पात्रं हे आकडे बोलणारच. कोल्हापुरात पावसाळ्यात लहान पोरसुद्धा ते बोलतं.

जुन्या काळाची गोष्ट असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा. १८५०पासूनची संस्था आहे. त्या काळचा मजकूर वाचल्यावर कुठला शब्द तेव्हा कसा लिहीत, ते कळतं.

सिनेमातल्या गाण्याच्या ओळी संहितेत असतील तर खूण करा. कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. परवानगी घ्यायची की ओळ काढायची, ते लेखकाला आणि प्रकाशकाला आधीच ठरवू द्या.

आठवी पायरी : शुद्धलेखन, आणि शेवटची प्रुफं

आता कुठं वेलांट्या. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२मध्ये जोडलेले चार, एवढे अठरा नियम पाठ असू द्या. सगळ्यांत जास्त चुका उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराच्या असतात, आणि त्यासाठी आमच्या गावाचं नावच पुरतं : कोल्हापूर, पण कोल्हापुरात. ऊस, पण उसाचा. गूळ, पण गुळाचा. मूळ, पण मुळाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या तत्सम शब्दांत मात्र ते दीर्घच राहतं : शरीर, शरीरात.

त्याचबरोबर पुस्तकापुरतं एक शैलीपत्रक करा. निवेदनात ‘करणे’ की ‘करणं’, ‘तिने’ की ‘तिनं’, आकडे अक्षरांत की अंकांत, पात्रांची नावं, वयं, नात्यांची संबोधनं. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर ऱ्या आणि र्या हे स्वतंत्रपणे शोधा. रूपांतरात ते हमखास बिघडतं. आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक होतो, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन. दऱ्या आणि दर्या यांचंही तेच. संगणकाचं स्पेलचेक हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

पानं लागून पीडीएफ आली की कागदावर छापून वाचा, पट्टी ठेवून, एकेक ओळ. एकूण पानं मोजा. फर्मा, म्हणजे छपाईत एकत्र निघणारा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा असतो. २२४ पानं म्हणजे बरोबर चौदा फर्मे. पुस्तक २२६ पानांवर गेलं की पंधरावा फर्मा लागतो, आणि बाकीची चौदा पानं कोरी जातात किंवा जाहिरातींनी भरतात. अशा वेळी दोन पानं कमी करायची म्हणून मांडणीकार अक्षर बारीक करायला निघतो. त्याआधी प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं पान बघा. जिथं तीन-चार ओळीच नव्या पानावर सांडल्या आहेत, तिथं मागच्या पानात तेवढ्या ओळी कुठं वाचतात ते शोधा आणि लेखकाला फोन करून विचारा. त्या लुगड्याच्या प्रकरणात आम्हाला अशाच तीन ओळी काढायच्या होत्या. लेखिकेनं घाटाच्या पायऱ्यांचं वर्णन सोडलं, नाण्याला हात लावू दिला नाही.